कापडाचा खरा रंग फोटोत कसा आणावा?

प्रश्न : आमचा स्वयंसहाय्य गट फोंडा तालुक्यातील एका गावात कुणबी चौकटीच्या कापडाचे स्टोल आणि पिशव्या तयार करून ऑनलाइन विकतो. घरामागच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, सावलीत आम्ही फोटो काढतो. दिवसा सवड मिळाली नाही तर रात्री बल्बखाली काढतो. फोटोत तपकिरी दिसलेला स्टोल प्रत्यक्षात लालभडक निघाला, असे सांगून काही ग्राहकांनी माल परत पाठवला. आता महागडा फोन घ्यावा का?
— एक भगिनी, फोंडा

उत्तर : फोनवर पैसे खर्च करू नका. रंग बिघडतो तो आपण निवडलेल्या दोन जागांमुळे. माडा-पोफळींच्या पानांतून गाळून येणारा उजेड हिरवट असतो आणि अशा उजेडात लाल रंग मळकट होऊन तपकिरीकडे झुकतो. आपल्या डोळ्यांना ही छटा जाणवत नाही, कारण डोळे तिच्याशी जुळवून घेतात. कॅमेऱ्याला ते नेहमी जमत नाही. बल्बचा दोष वेगळा आहे. उजेड किती पिवळट किंवा निळसर आहे हे ‘रंगतापमान’ सांगते; ते केल्विनमध्ये मोजतात आणि आकडा कमी तितका उजेड पिवळा. दुपारच्या उजेडाचे रंगतापमान साधारण ५५०० केल्विन, तर पिवळ्या बल्बचे २७०० केल्विनच्या आसपास असते, त्यामुळे त्याखाली पांढरा धागाही पिवळट दिसतो. फोन आपल्या परीने ही चूक दुरुस्त करू पाहतो खरा. पण समोर सगळे लालच कापड असले की त्याचा अंदाज चुकतो आणि एकाच स्टोलच्या दोन फोटोंत दोन निरनिराळे लाल रंग उमटतात.

म्हणून फोटोची जागा घरात, खिडकीपाशी ठरवा आणि ती बदलू नका. थेट ऊन न येणारी खिडकी उत्तम. घर जुने असून खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने असतील, तर आपण भाग्यवान आहात, कारण त्यांतून उतरणारा मऊ, पसरलेला उजेड विकतच्या दिव्यांनी सहज साधत नाही. तशी तावदाने नसतील तर खिडकीवर पातळ पांढरे मलमल ताणून बांधा. खोलीतले सगळे दिवे बंद ठेवा. आपल्याकडच्या भिंती बहुधा गडद पिवळ्या किंवा निळ्या असतात, अंगण तांबड्या मातीचे असते, आणि हे रंग परावर्तित होऊन कापडावर चढतात. तेव्हा कापडाखाली पांढरी चादर आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता हवाच. पावसाळ्यातले ढगाळ आकाश या कामाला चांगले, मात्र सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान काम आटोपावे. उजेड कमी पडला की फोन चित्र गुळगुळीत करतो आणि हातमागाची वीण पुसली जाते.

पहिला फोटो घेताना कापडाच्या कडेला एक कोरा पांढरा कागद ठेवा. नंतर फोनमधल्याच संपादनात जाऊन तो कागद पांढरा दिसेपर्यंत ‘टेंपरेचर’ आणि ‘टिंट’ सरकवा, तेच आकडे त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंना द्या आणि मग फोटोतला कागदाचा भाग ‘क्रॉप’ करून काढून टाका. कॅमेऱ्यात ‘प्रो मोड’ असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगांची जुळणी, आधीच स्थिर करता येतो. लाल रंगाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते : फोटो जास्त उजळ झाला तर लाल भाग सपाट होतो आणि त्यातले धागे दिसेनासे होतात. म्हणून पडद्यावर कापडाला स्पर्श करून सूर्याचे चिन्ह थोडे खाली ओढा. खिडकी कापडाच्या एका बाजूला राहील असे उभे राहा, म्हणजे तिरप्या उजेडात वीण उठून दिसेल. एका फोटोत स्टोल हातात धरलेला असावा. त्वचेच्या रंगावरून ग्राहकाला कापडाच्या रंगाचा अंदाज येतो आणि आकारही कळतो.

फोटो चढवण्यापूर्वी खरा स्टोल फोनशेजारी धरून पाहा आणि त्या वेळी पडदा पिवळा करणारी ‘आय कम्फर्ट’ सोय बंद ठेवा. ग्राहकांचे पडदे सारखे नसतात, म्हणून वर्णनात रंगाची छटा शब्दांतही लिहा. फिल्टर कधीही वापरू नका. परत येणाऱ्या प्रत्येक स्टोलमागे विणणाऱ्या बाईचे श्रम असतात.

प्रश्न : पितळी समईच्या फोटोत माझेच प्रतिबिंब आणि काळे पट्टे दिसतात. काय करावे?
— एक विक्रेते, डिचोली

उत्तर : चकचकीत पितळ आजूबाजूचे सगळे दाखवते, त्यामुळे समईपेक्षा तिच्या भोवतालाकडे लक्ष द्यावे लागते. दोन्ही बाजूंना पांढरे कार्डशीट उभे करा, समोरच्या कार्डशीटला भोक पाडून त्यातून फोटो घ्या आणि फोन दूर नेऊन दुप्पट झूम वापरा. जवळून घेतलेल्या फोटोत समईची बैठक फुगलेली आणि माथा बारीक दिसतो. मात्र सगळीकडे पांढरेच ठेवले तर गोलाई हरवते, म्हणून एका कडेला काळ्या कागदाची अरुंद पट्टी लावा. फ्लॅश नको. बोटांचे ठसे मऊ, कोरड्या फडक्याने पुसा. ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो, आणि झूमसाठी लांब बाजू किमान १००० पिक्सेल हवी. पेटलेल्या वातीचा फोटो त्यानंतर जरूर जोडा. फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर त्यांचा दर्जा उतरतो.

प्रश्न : काजूच्या पाकिटांसाठी इंटरनेटवरचे तयार फोटो वापरले तर चालेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : चालणार नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो वापरणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा भंग ठरू शकतो, आणि त्याहून गंभीर गोष्ट ही की ग्राहकाला आपले काजू दिसतच नाहीत. ‘गोवा काजू’ला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते नाव पाहून मागवणाऱ्याला आपल्याच पाकिटातला गर दिसला पाहिजे. सालीसकट भाजलेले काजू असतील तर साल दिसू द्या, तुकडा असेल तर तुकडाच दाखवा, आणि पाकिटाच्या मागच्या बाजूचा एक फोटो वजन, किंमत व परवाना क्रमांक वाचता येईल इतका स्पष्ट ठेवा.