गुडघ्याचं ऑपरेशन: एफडी मोडू का?

प्रश्न: आई ६७ वर्षांची, तिला मधुमेह आहे. एका गुडघ्याच्या सांधेबदलासाठी रोबोट, ‘गोल्ड’ सांधा आणि दिवसाला ८,००० रुपयांची डीलक्स खोली असं पॅकेज सुचवलंय. विमा ५ लाखांचा आहे. वरच्या खर्चासाठी २ लाखांची एफडी मोडू का?

या पॅकेजसाठी मोडू नका. आधी पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा बघा. ती विम्याच्या रकमेच्या १ टक्का असेल तर दिवसाला ५,००० रुपये. मग ८,०००च्या खोलीत नुसते वरचे ३,००० जात नाहीत. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांच्या बिलातलेही त्याच प्रमाणात, म्हणजे पाच-अष्टमांशच (५,०००/८,०००) सहसा मिळतात. ही रक्कम १,६०,००० धरली तर ६०,००० तुमच्या खिशातून, शिवाय चार दिवसांच्या भाड्याचा फरक १२,०००. एका खोलीपायी ७२,०००! इम्प्लांट (म्हणजे बसवायचा कृत्रिम सांधा), औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागू नाही. कुणी लावलीच तर लेखी हरकत घ्या.

इम्प्लांटच्या कमाल किमती सरकारने २०१७ मध्ये बांधल्या. कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूच्या पूर्ण सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये, जीएसटी वेगळा. यात वाटीचे ४,०९० धरलेले आहेत. बरेच सर्जन वाटी बदलत नाहीत, म्हणून ऑपरेशन नोट आणि बॅच नंबरचे स्टिकर बिलाशी ताडून पाहा. ‘गोल्ड’ सांध्याच्या सोनेरी लेपाचा विचार निकेलची ॲलर्जी असेल तरच करा. रोबोटमुळे हाडाचे काप नेमके होतात हे खरं, पण वेदना आणि चालणं यांत साध्या पद्धतीपेक्षा ठळक फरक सिद्ध झालेला नाही. त्यापेक्षा हे ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन शोधा.

खरा पैसा आणि लक्ष साखरेवर द्या. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८च्या वर असेल तर तारीख पुढे ढकलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. किडलेले दात, लघवीचा संसर्ग आधी बरा करून घ्या. सांध्यात जंतू शिरले तर तो काढून पुन्हा बसवण्याची वेळ येऊ शकते, आणि आईंचे हाल होतात ते वेगळेच.

नंतरचे सहा आठवडे फिजिओथेरपीत काटकसर नको. दोन आठवड्यांत गुडघा साधारण ९० अंशांत वाकायला हवा, आणि तो पूर्ण सरळ होणंही तितकंच गरजेचं. बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचा खर्चही धरतात. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पावत्या जपून ठेवा.

सांधेबदलाचा प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यावर ज्यात या ऑपरेशनचा खर्च मिळत नाही तो काळ) संपलाय ना, हे विचारून मर्यादेतल्या खोलीसाठीच कॅशलेसची पूर्वमंजुरी मागवा. तरीही पैसे कमी पडले तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (म्हणजे लागेल तेवढं कर्ज) घ्या; व्याज वापरलेल्या रकमेवरच लागतं.