स्टँड घरी बनवण्याआधी वेल्डिंग मशीनचा हिशेब

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घरात दोन मोटरसायकली, दोन्हींना सेंटर स्टँड नाही. चेन साफ करणं, चाक काढणं ही कामं यापुढे घरीच करायची आहेत. त्यासाठी चौकोनी पाइपचे पुढचा आणि मागचा असे दोन स्टँड स्वतः वेल्ड करायचे. लोखंड तयार स्टँडच्या पाव किमतीत येतं, म्हणजे पाऊण पैसे वाचतात. मशीन, ग्राइंडर, हेल्मेट, हातमोजे यांना तीन तयार स्टँडांइतका खर्च येईल, तो आणीबाणीच्या निधीतून काढून सावकाश भरून टाकू.

मी नको म्हणेन. निदान या वाटेनं नको.

तयार स्टँडची किंमत १०० धरू. तुमच्याच आकड्यांनी एका स्टँडमागे ७५ वाचतात आणि साधनांना ३०० जातात. म्हणजे चौथा स्टँड बनला की साधनांचे पैसे वसूल होतात, बचत पाचव्यापासून सुरू होते. तुम्हाला हवेत दोन. दोन तयार स्टँड २०० मध्ये येतात, तुमचे दोन ३५० ला पडतात. यात रॉड, कटिंग डिस्क, रंग आणि पहिल्या प्रयत्नात वाया जाणारं लोखंड धरलेलंच नाही. वाया जातंच. मूठ खाली दाबल्यावर गाडीचा टेकू स्टँडच्या चाकांच्या किंचित पलीकडे जाऊन बसायला हवा. अलीकडेच अडला तर गाडी परत खाली यायला बघते, आणि हे माप कागदावर जमलं तरी पाइप कापताना चुकतं.

वेल्डिंग शिकायचीच हौस असेल तर खुशाल शिका, चांगली विद्या आहे. पण तो खर्च छंदाच्या खात्यात टाका, बचतीच्या नाही, आणि त्या महिन्याच्या शिलकीतून करा. आणीबाणीचा निधी नोकरी गेली किंवा कुणी आजारी पडलं तर लागतो. स्टँड नसणं ही आणीबाणी नव्हे. शिवाय ‘सावकाश भरू’ म्हणून काढलेली रक्कम सावकाशसुद्धा परत येत नाही, हे मी बऱ्याच खात्यांत पाहिलंय.

आता दोन स्टँड मुळात लागतात का, हे पाहू. चेनचं काम साधारण ५०० ते १००० किलोमीटरला निघतं. महिन्याला हजार किलोमीटर चालवत असाल तर एका गाडीचं वर्षाला १२ ते २४ वेळा. त्याला मागचा स्टँड पुरतो, आणि एका वेळी एकच गाडी वर चढवायची असल्यानं दोन्ही गाड्यांना मिळून एक. दोन्ही गाड्यांच्या मागच्या फोर्कला बॉबिन, म्हणजे स्टँड अडकवायचे गोल खुंटे, बसतात का, आणि कोणत्या आट्याचे, एम ६, एम ८ की एम १०, एवढं आधी बघून घ्या. पुढचं चाक तुम्ही किती वेळा काढणार? टायर बदलताना, क्वचित बेअरिंगसाठी. पुढच्या फोर्कच्या खालून उचलणाऱ्या स्टँडवर ते फोर्क तर काढताच येत नाहीत. त्यामुळे पुढचा स्टँड आज बनवूही नका, घेऊही नका. तुमच्या यादीतली हीसुद्धा मोठी बचत आहे.

मागच्या स्टँडसाठी पाइप स्वतः मापून कापा आणि जोडकाम सरावाच्या वेल्डरकडून करून घ्या. मजुरी लोखंडाइतकी धरली तरी स्टँड ५० मध्ये होतो. मजुरी याहून बरीच जास्त सांगितली तर सरळ तयार घ्या, कारण तयार स्टँड पुढे विकता येतो आणि घरचा भंगारातच जातो.

नवख्याच्या हातचा जोड मला नको वाटतो तो पैशापायीच. वरून टाका सुबक दिसतो, आत लोखंड एकजीव झालेलं नसतं. १८० किलोच्या गाडीचा निम्म्याच्या आसपास भार त्यावर येतो. गाडी आडवी झाली तर लिव्हर, इंडिकेटर, टाकीचा पोचा, कधी इंजिनचं कव्हर. हे नुकसान बहुधा खिशातूनच भरलं जातं आणि त्यात वाचवलेले पैसे कुठच्या कुठे जातात. खाली तुमचा पाय असेल तर हिशेबच नको. आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, वेल्ड करताना जस्ताचा धूर होतो आणि त्यानं ताप भरतो.

स्टँड तयार झाला की आधी त्यावर गाडीच्या भाराच्या दीडपट वाळूची पोती लादून रात्रभर ठेवा. पहिल्यांदा गाडी चढवताना पलीकडच्या बाजूला कुणाला तरी उभं करा. मागच्या चाकाचा नट सोडायचा असेल तर गाडी जमिनीवर असतानाच ढिला करून घ्या. आणि चेन साफ करताना चाक हातानं फिरवा. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरवलेल्या चेनमध्ये बोटं जातात.