रास्ता रोकोला बसण्याआधी

लेकरा,

पीकविम्यासाठी धुळे-सोलापूर महामार्गावर बसायचं तुम्ही ठरवलंय. मागणी रास्त आहे. पण संविधानाच्या कलम 19 ने दिलाय तो बोलण्याचा आणि शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क. रस्ता अडवण्याचा नव्हे. सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबर 2020 ला दिल्लीत शाहीन बागेला रस्त्यावर चाललेल्या धरण्याच्या प्रकरणात सांगितलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या औरंगाबाद खंडपीठाने मात्र माजलगावच्या आंदोलकांना न्याय दिला. त्यांना जुन्या ईदगाह मैदानावर शांततेत बसायचं होतं. जमावबंदीवर बोट ठेवून परवानगी नाकारली गेली होती. खंडपीठाने ते आदेश रद्द केले. त्यांनी मागितलं होतं मैदान, हे विसरू नको. म्हणून माझं मत: आधी तहसीलसमोर धरणं. रस्त्यावर उतरायचंच तर तासभर, आणि उठायची वेळ आधी जाहीर करून.

निवेदन आठ दिवस आधी तहसीलदारांना द्या, प्रत पोलीस ठाण्याला. जागा, सुरुवातीची आणि संपण्याची वेळ, अंदाजे माणसं, जबाबदार तिघा-चौघांचे मोबाईल नंबर, मागण्या, सगळं त्यात असू दे. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 37(3), म्हणजे जमावबंदी, लागू आहे का ते विचारा आणि आदेश स्वतः वाचा. शासनाच्या मंजुरीशिवाय तो 15 दिवसांपलीकडे टिकत नाही. घरी पोलिसांची नोटीस येईल, पूर्वीची फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 149 ची, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 ची. ती अटक नव्हे. सही करा, प्रत ठेवा.

शांत बसलात तर बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 68 प्रमाणे ताब्यात आणि 69 प्रमाणे सुटका, इथवर निभावतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली रस्ता अडवल्याचा गुन्हा लागला तरी शिक्षा 5,000 रुपयांपर्यंत दंडाचीच आहे. पोरं खरी अडकतात ती टायर पेटवण्यात आणि पोलिसाशी झटापटीत. टायरखालचं डांबर जळतं. महामार्गाची हानी करून तो वाहतुकीला धोक्याचा केला, तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या 8-बी खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलिसाला ढकललं तर न्याय संहितेचं कलम 132, अजामीनपात्र. आणि जमाव बेकायदेशीर ठरला, तर एकाने मारलेला दगड त्याच संहितेच्या कलम 190 मुळे बाकीच्यांच्याही अंगावर येऊ शकतो. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तुमच्यात कितीतरी आहेत. चारित्र्य पडताळणीत हे सगळं वर येतं. त्यांना पुढे बसवू नको, मी हात जोडून सांगतो.

ट्रॅक्टर, बैलगाड्या रस्त्यावर आडव्या लावू नका. रुग्णवाहिका आली की माणसं क्षणात बाजूला होतात, ट्रॉली होत नाही. एक पट्टा मोकळाच ठेवा, दोन्ही अंगांना अर्ध्या किलोमीटरवर चार-चार जण उभे करा. आठवडी बाजाराचा दिवस आणि दहावी-बारावीच्या परीक्षा टाळा. एस.टी.त अडकलेल्या बाईचाही विमा थकलेला असतो, तिला पत्रक द्या.

दगड पडलाच, तर त्याच क्षणी माईकवरून आंदोलन संपल्याचं जाहीर करा आणि त्याचं चित्रीकरण ठेवा.

निवेदन घ्यायला अधिकारी येईल. ठरल्या वेळी उठाच, पण उत्तर लेखी मागा: नाव, हुद्दा, सही आणि कोणत्या तारखेपर्यंत काय होणार ते. तारीख नसेल तर तिथेच घालून घ्या.