आईच्या कर्करोगाचं निदान आठ महिने उशिरा झालं, डॉक्टरांवर दावा करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की आईंच्या पोटदुखीवर आठ महिने अ‍ॅसिडिटीची औषधं चालली, तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन ७.८ आलं तरी फक्त लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि शेवटी मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. वाचून फार वाईट वाटलं. केमोच्या दिवसांत घरातल्या सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला येतो. दाव्याची धावपळ एकानेच अंगावर घ्या, आईंना त्यात ओढू नका.

मी सोलापुरात ग्राहक आयोगात वकिली करते. दावा करता येतो. पैसे मोजून उपचार घेतलेला रुग्ण ग्राहक ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलंय. पण नुसतं ‘निदान उशिरा झालं’ एवढ्यावर आयोग भरपाई देत नाही. डॉक्टरचा अंदाज चुकणं वेगळं, निष्काळजीपणा वेगळा. त्या जागी दुसरा साधारण कुशल डॉक्टर असता तर त्याला कोणत्या तारखेला शंका आली असती, हे दाखवावं लागतं. नुसती पोटदुखी असती तर मी तुम्हाला थांबा म्हटलं असतं. पण साठीतल्या, पाळी थांबलेल्या बाईचं रक्त इतकं कमी होतं, तेव्हा ते जातंय कुठे हे शोधायला हवं. तुमचा सगळा दावा त्या एका रिपोर्टवर उभा आहे.

दुसरी बाजू याहून अवघड. त्या रिपोर्टनंतरच्या पाच महिन्यांत आईंचं नेमकं काय नुकसान झालं? तेव्हाच दुर्बिणीने तपासणी झाली असती तर आजार कोणत्या टप्प्यावर सापडला असता, याबद्दल कर्करोगतज्ज्ञाचं लेखी मत मिळवा. गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध सहसा लिहून देत नाही, म्हणून दुसऱ्या शहरात विचारा. तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलंय. त्या प्रकरणात मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले होते. तुमच्या प्रकरणात मात्र ते लागेल असं धरूनच चाला.

कागदपत्रं आजच मागा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात असा नियम आहे. त्या जपून ठेवायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं आहे. छोट्या दवाखान्यात बाह्यरुग्णाची नोंद बहुधा नसतेच, तेव्हा घरातल्या पिशवीतल्या चिठ्ठ्या आणि मेडिकलची बिलं हाच पुरावा. रिपोर्ट हरवला असेल तर लॅबमध्ये दुसरी प्रत मागा.

आता मुदत. दोन वर्षं. एका प्रकरणात १९९३ च्या ऑपरेशनमध्ये पोटात राहिलेला गॉजचा तुकडा २००२ मध्ये निघाला, तरी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरवली. रुग्ण स्वतः परिचारिका होती. नऊ वर्षं दुखत असताना तिने त्याचा छडा लावायला हवा होता, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. मला तो निकाल आजही कठोर वाटतो, पण तुमच्या समोरचा वकील तोच पुढे करील. मुदत बायोप्सीच्या तारखेपासून मोजता येईल, असं मी मांडीन. तरी सुरक्षित राहायचं तर पहिल्या डॉक्टरांकडच्या शेवटच्या भेटीपासून मोजा आणि ती दोन वर्षं संपण्याआधीच तक्रार दाखल करा.

उपचारासाठी डॉक्टरांना दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पोलिसांत जाऊ नका. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फारच ढोबळ असावा लागतो, आणि त्यात तुमची वर्षं जातील. महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरवर कारवाई करू शकते, पण भरपाई देत नाही.

आईंना बरं वाटेल त्या दिवशी एकच गोष्ट हळूच विचारा. शौचाला काळं होत असल्याचं (आतून रक्त जात असलं की असं होऊ शकतं) त्यांनी डॉक्टरांना कधी सांगितलं होतं का? असेल तर गोळ्या सुरू होण्याआधी की नंतर? लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं आणि डॉक्टर हेच उत्तर देतील. आधी सांगितलं असेल तर ती तारीख, सोबत कोण होतं, सगळं लिहून ठेवा. प्रतिज्ञापत्रात ते आईंच्याच शब्दांत घालू.