पोरगं पुढे जातंय की नाही, हे बघायचं कशात?

"ताई, एवढी मेहनत करतोय, पण पुढे जातोय का तो?" मी समुपदेशनाचं काम करते आणि हा प्रश्न माझ्याकडे वर्षभर येतो. कधी पोहणाऱ्या मुलीबद्दल, कधी व्हायोलिनबद्दल, कधी गणिताच्या स्पर्धेबद्दल. इथे न्यू जर्सीत मराठी घरातलं मूल काही ना काही शिकत असतंच, आणि कुंपणाबाहेर उभे राहून आईबाबा ते बघत असतात. अलीकडे मात्र हाच प्रश्न ऑगस्टमध्ये, अमेरिकन फुटबॉलचे सराव कॅम्प सुरू झाले की हमखास ऐकू येतो. म्हणून एका घराची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून. मुलाच्या पाठीवर बहीण आहे, त्यामुळे घरात त्याला दादा म्हणतात. मीही दादाच म्हणेन.

दादा १६ वर्षांचा. सहा फुटांच्या वर उंची, वजन शंभर किलोच्या पुढे. हायस्कूलच्या संघात ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, डाव्या गार्डच्या जागेसाठी धडपडणारा. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अकरांपैकी पाच जण चेंडूच्या रेषेवर शेजारी शेजारी वाकून उभे राहतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर चाल करून येणाऱ्यांना थोपवायचं किंवा चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची, हे त्यांचं काम. गुण दुसरेच मिळवतात. या पाचांचं नाव लाउडस्पीकरवर येतं ते बहुतेक वेळा चूक झाली तरच. समोरच्याला हाताने धरून ठेवलं, दहा यार्ड मागे. चेंडू सुटायच्या आधी हलला, पाच यार्ड मागे.

थोडक्यात, ज्या जागेला स्वतःचा आकडा नाही अशी ही जागा. आणि दादाचे बाबा दिवसभर आकड्यांतच काम करणारे. त्यांनी आकडा तयार केला. सरावाला रोज स्टँडमध्ये बसायचं, समोरासमोरच्या झुंजी मोजायच्या, रात्री एक्सेलमध्ये भरायच्या. जिंकला तर हिरवा, हरला तर लाल.

आई दादाला घेऊन आली ती वेगळ्याच कारणासाठी. सरावाआधी पोट दुखतं, झोप लागत नाही, गाडीत बसला की कानात हेडफोन. बाबा दुसऱ्या वेळी आले आणि बसल्या बसल्या फोन पुढे केला. "हे बघा. काल सातपैकी पाच वेळा हरला. याला हे जमणार नसेल तर स्पष्ट सांगा, एसएटीचा, कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचा, अभ्यास तरी सुरू करू."

"कोणासमोर हरला?" मी विचारलं.

"बारावीतल्या एका मुलासमोर. पण टीममध्ये जागा हवी तर त्यालाच अडवावं लागणार ना?"

दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "आय ॲम सॉफ्ट. कोचनेच सांगितलंय."

"कोच नक्की काय म्हणाले? त्यांचेच शब्द सांग."

तो थोडा थांबला. "म्हणाले, त्या रेपला तू सॉफ्ट खेळलास. हात उशिरा आले."

त्या रेपला. कोच एका झुंजीबद्दल बोलले होते, तीही कारण देऊन. घरी येईपर्यंत त्याचं 'मी असाच आहे' झालं होतं. माझ्या कामाची बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांची आहे, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच: कृतीला मार्क द्या, माणसाला देऊ नका. बोलायला सोपं आहे. शंभर किलोच्या, घाबरलेल्या मुलाला ते पटवायचं तर त्याच्या मैदानावरच जावं लागतं. म्हणून मी त्या पाचांचं काम नीट समजून घेतलं, आणि जे समजलं त्याने बाबांच्या तक्त्याचा पायाच हलला.

समोरासमोरची जी झुंज ते मोजत होते, ती मुळातच अडवणाऱ्याच्या विरुद्ध झुकलेली असते. सामन्यात गार्डच्या एका बाजूला सेंटर असतो, दुसऱ्या बाजूला टॅकल, आणि चेंडू बहुतेक वेळा तीनेक सेकंदांत क्वार्टरबॅकच्या हातातून गेलेला असतो. सरावातल्या झुंजीत चाल करणाऱ्याला दोन्ही बाजूंनी मोकळी जागा मिळते, शिवाय आता पासच होणार हे त्याला ठाऊक असतं. तिथे कोच जय-पराजय बघतच नाहीत असं नाही, पण आधी बघतात ते पहिलं पाऊल, गुडघे किती वाकले, हात समोरच्याच्या छातीवर आत बसले की बाहेरून गेले, डोकं वर आहे का. हे सगळं बाबांच्या लाल रकान्यात कुठून येणार?

खरी उकल झाली ती सरावाच्या चित्रफितीवर. शाळेचे संघ हडल नावाच्या ॲपवर फिती टाकतात, खेळाडूंना त्या फोनवर दिसतात. दादाचे कोच प्रत्येक डावाला, म्हणजे चेंडू सुटल्यापासून थांबेपर्यंतच्या एकेका चालीला, प्लस किंवा मायनस देत. मी दोघांना माझ्या टेबलाशी बसवलं आणि एकच अट घातली: बाबांनी फक्त प्रश्न विचारायचे, मत द्यायचं नाही.

पहिला डाव लागला. चेंडू सुटला, कोणीतरी धिप्पाड पोरगा दादावर आदळला आणि त्याला मागे रेटत गेला. एक, दोन, तीन पावलं. बाबांचा चेहरा पडला. तक्त्यात हा डाव लाल होता.

"याला प्लस आहे," दादा म्हणाला.

"याला? कसा काय?"

"थांबा, परत लावतो. हा बघा, माझ्यासमोरचा टॅकलकडे चाललाय. आणि टॅकलसमोरचा त्याच्या मागून आत येतोय. दोघं जागा बदलतायत. लास्ट वीक मी पहिल्याच्याच मागे गेलो होतो, मग दुसरा सरळ क्वार्टरबॅकवर. आज मी त्याला टॅकलकडे सोपवला आणि येणाऱ्याला घेतला. तो माझ्यापेक्षा हेवी आहे, मागे नेलं त्याने मला. पण माझ्या छातीसमोरून हलला नाही. तोपर्यंत बॉल गेला."

मग त्याने स्वतःहून दुसरा डाव लावला. बाबांच्या फोनमध्ये हा ठळक हिरवा होता. दादाने समोरच्याला पार आडवा केला होता, स्टँडमध्ये टाळ्या पडल्या होत्या. कोचचा मायनस. "इथे मी सेंटरला नुसता खांदा द्यायचा होता आणि पुढे लाइनबॅकरवर, म्हणजे त्यांच्या रेषेमागे उभा असतो त्याच्यावर, जायचं होतं. मला पाडायची मजा आली, मी तिथेच थांबलो. बघा, आमच्या रनरला पाडला कोणी? त्याच लाइनबॅकरने. दोन यार्डांत."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पहिला खरा प्रश्न विचारला. "पण ते दोघं जागा बदलणार हे तुला आधी कळतं कसं?"

आणि दादा बोलायला लागला. समोरचा रेषेपासून किंचित मागे उभा राहिला, जमिनीवर टेकलेल्या हातावर भार कमी दिसला, नजर आपल्याकडे नसून शेजारच्याकडे असली, की संशय घ्यायचा. सेंटर मोठ्याने काय सांगतो, आपण टॅकलला काय ओरडून कळवायचं, गोंगाट असेल तर खुणेने कसं. त्याने खुर्चीतून उठून, गुडघे वाकवून, मागे सरकायचं पाऊल करून दाखवलं. माझ्याकडे आल्यापासून तो इतका वेळ सलग कधी बोलला नव्हता. बाबा फोन विसरून त्याच्या पायांकडे बघत होते.

"मी भलतंच मोजत होतो," ते म्हणाले.

या कामात असे क्षण रोज येत नाहीत, आणि तो आणता आला याचं मला समाधान आहे. त्या दिवशी मला जे लख्ख दिसलं ते हे: बाबा मुलाला मार्क देत होते, कोच कामाला देत होते. दादा बाबांचे मार्क घरी नेत होता आणि कोचचेही त्याच वहीत उतरवत होता, म्हणून त्याचं पोट दुखत होतं.

आता ज्यांच्या घरी असा प्रश्न आहे त्यांच्यासाठी. कॅम्पमध्ये सुरुवातीचे दिवस फक्त हेल्मेट असतं, मग खांद्यांचे पॅड, मग सगळा साज. उन्हात शरीराला सवय व्हावी म्हणून तशी पायरीच आहे. बिनपॅडच्या दिवसांत चपळ मुलगा छान दिसतो. पॅड चढले, खरी टक्कर सुरू झाली, की तोच मुलगा अचानक मागे पडल्यासारखा वाटतो. माझ्याकडे येणारे बहुतेक फोन नेमके त्याच आठवड्यातले असतात. तो मागे गेलेला नसतो, परीक्षा बदललेली असते. त्या आठवड्यात निष्कर्ष काढू नका.

चूक तीच आहे की बदलली, हे बघा. सगळ्यांत आधी कोणाला अडवायचं ते कळतं, मग पाय बसतात, मग हात, आणि ताकद सगळ्यांत शेवटी, कारण ती महिन्यांची नव्हे, वर्षांची गोष्ट आहे. मागच्या आठवड्यात भलत्याच्या मागे धावणारा मुलगा आज बरोबर माणसासमोर उभा राहून रेटला जात असेल, तर तो पुढे गेलाय. आणि हरलेल्या डावानंतरचा डाव बघा. पुढच्या वेळी घाईघाईने आधीच हलतो, समोरच्याला पकडून ठेवतो, की पुन्हा आपल्या पावलावर येतो? सरावाच्या शेवटी दमल्यावरही गुडघे वाकतात का? मी तर हे जय-पराजयाच्या कितीतरी वर मानते.

बाबांनी विचारलं होतं, किती वेळ द्यायचा? मी त्यांना जॉर्डन मायलाटाची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा मुलगा, हा खेळ कधीच न खेळलेला. २०१८ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाने त्याला नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत घेतलं. पहिले दोन हंगाम तो एकाही सामन्यात उतरला नाही. २०२० मध्ये मैदानावर आला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सने सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला तेव्हा डावा टॅकल तोच होता. बाबा न्यूयॉर्क जायंट्स संघाचे चाहते, म्हणून त्यांच्या अँड्र्यू थॉमसचीही आठवण करून दिली. २०२० च्या निवडीत चौथा, पहिल्या वर्षी पुष्कळ मार खाल्लेला, २०२२ मध्ये देशातल्या सर्वोत्तम टॅकलांत गणलेला. हे व्यावसायिक खेळाडू आहेत, आपली मुलं तिथवर जातील म्हणून मी हे सांगत नाही. या जागेवर माणूस उशिरा तयार होतो, एवढंच त्यातून घ्या.

दादाला मात्र मी लेन जॉन्सनबद्दल सांगितलं. ईगल्सचाच उजवा टॅकल, सुपर बोल जिंकलेला. २०२१ मध्ये तो तीन सामने बाहेर राहिला आणि नंतर चिंता आणि नैराश्याशी झगडत असल्याचं त्याने उघड सांगितलं. दादाने दोनदा विचारलं, "रिअली? तो?" पोटदुखीबद्दल त्याने आईशी मोकळेपणी बोलायला सुरुवात केली ती त्यानंतर.

गाडीतला प्रश्न आम्ही बदलला. 'किती जिंकलास' बंद. त्याऐवजी 'आज कोणता डाव परत बघायचाय?' काही दिवस उत्तर 'कोणताच नाही' असं आलं. तेही चालतं. आणि एक अगदी घरगुती गोष्ट: पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आजी 'किती जाड झालायस रे' म्हणायची. ज्या मुलाच्या कामाला वजन लागतं त्याला घरातून असं ऐकवणं थांबवा. आईने आजीला समजावलं. आजीने फार लवकर ऐकलं, बाबांपेक्षा लवकर.

दादाला त्या वर्षी पहिल्या संघात जागा मिळाली नाही. तो ज्युनिअर व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या संघात खेळला, ऑक्टोबरमध्ये गार्ड म्हणून सुरुवातीपासून उतरू लागला. झोप सुधारली. पोट अजून कधी कधी दुखतं, पण सामन्याच्या दिवशीच. खेळत राहायचं की नाही, हे त्याने हंगाम संपल्यावर, फिती पुन्हा बघून ठरवायचं असं आमचं ठरलं. कॅम्पच्या मध्यावर, लाल रकाना समोर ठेवून असले निर्णय घेऊ देऊ नका.

काही गोष्टी मात्र प्रगतीच्या हिशेबात धरायच्याच नाहीत. टक्कर झाल्यावर डोकं दुखणं, मळमळ, उजेड सहन न होणं, गोंधळल्यासारखं वागणं. उन्हात चक्कर येणं किंवा बोलणं अडखळणं. अशा वेळी त्याच क्षणी सराव थांबवायचा, ट्रेनरला सांगायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. जागा जाईल या भीतीने मुलं हे लपवतात. घरी फक्त हार-जीत विचारली जात असेल, तर ती जास्तच लपवतात.