ताई, मी रडले तर बाळ रडकं होईल का?

सातव्या-आठव्या महिन्यातल्या मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. कुणी विचारतं, "टेन्शनचा बाळावर परिणाम होतो ना?" कुणाला शेजारच्या काकूंनी सांगितलेलं असतं की आई रडली की पोर रडकं निपजतं. अभिमन्यूची गोष्ट तर सगळ्यांनाच ऐकवलेली असते.

मेघनाचंच (नाव बदललं आहे) सांगते. चौतिसावा आठवडा, पहिलं बाळंतपण, त्यासाठी पुण्याहून मिरजेला माहेरी आलेली. सोनोग्राफी उत्तम होती. वजन दोन किलोच्या पुढे, डोकं खाली, पाणी पुरेसं. झोप मात्र उडालेली.

"रोज रात्री ते आत हुंदके देतं, ताई. माझ्यामुळे."

"हुंदके म्हणजे नेमकं काय होतं?"

"एकाच जागी, एकसारखं. टक्... टक्... पाच-दहा मिनिटं."

चौथ्या भेटीत ते माझ्यासमोरच सुरू झालं. तिने माझा हात ओढून बेंबीखाली ठेवला. दोन-तीन सेकंदांनी एक, असे बारीक ठोके. मला हसूच आलं.

"अगं, ही उचकी आहे!"

शेवटच्या तीन महिन्यांत हे अगदी नेहमीचं. बाळ पोटात श्वासाचा सराव करत असतं, मध्येच छातीखालचा पडदा आकसतो आणि उचकी लागते. त्याचा रडण्याशी काही संबंध नाही.

कोपऱ्यात बसलेल्या तिच्या आई म्हणाल्या, "मग कुणीतरी आठवण काढतंय हो."

मेघना एकदम गप्प झाली. मग "अण्णा" म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

अण्णा म्हणजे तिचे सासरे. पाचव्या महिन्यात अचानक गेले. पोटुशी बाई प्रेताजवळ नको म्हणून तिला शेवटचं पाहू दिलं नव्हतं, दहाव्यालाही नेलं नव्हतं. त्यानंतर सगळे एकच सांगत राहिले, तू फक्त आनंदी राहा. तीन भेटी मी तिचं 'टेन्शन' शोधत बसले होते. ते सुतक होतं, आणि घरादाराने ते तिला पाळूच दिलं नव्हतं.

ती वीस मिनिटं रडली. मी पाणी पुढे केलं नाही, तिच्या आईंनाही खुणेनेच थांबवलं. मध्येच तिने दचकून पोटावर हात ठेवला. "लाथ मारली."

"बघ, त्याचं त्याचं चाललंय."

मग मी तिला वहीत दोन वाक्यं लिहायला लावली. 'मी आनंदी राहायला हवं.' 'मी आनंदीच राहायला हवं.' जड कुठलं, असं विचारल्यावर तिने 'च'भोवती गोल काढला. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ पठडीतली, म्हणजे त्रास प्रसंगापेक्षा मनातल्या हट्टी विचारांनी वाढतो असं मानणारी. इच्छा कुठे संपते आणि हट्ट कुठे सुरू होतो, हे समजावायला त्याच्या लोकांना पानं खर्चावी लागतात, ते मराठीने आपल्याला एका अक्षरात आयतं दिलंय, असं मला कायम वाटतं.

बाळाला आवाज ऐकू येतात हे खरं. आईचा आवाज ते जन्मल्यावर ओळखतंही. पण त्या आवाजातला मजकूर त्याला कळत नाही, चक्रव्यूह तर नाहीच. चार आसवांनी त्याचा स्वभाव ठरत नाही. खोटा दिलासा मात्र मी देत नाही. दोन आठवडे सलग मन उदास राहिलं, जेवण-झोप तुटली किंवा जगू नये असं वाटलं, तर तो आजार असू शकतो. अंगावर काढला तर वेळेआधी प्रसूतीचा, कमी वजनाचा धोका वाढतो. डॉक्टरांना सांगा. गरोदरपणातही उपचार असतात. 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन केला तरी चालतो, पैसे लागत नाहीत.

आणखी एक. उचकी हालचालींत मोजू नका. नवव्या महिन्यात जागा कमी पडते म्हणून बाळ हलायचं थांबतं, हेही चूक. हालचालीची तऱ्हा बदलते, ती कमी होत नाही. कमी वाटली तर डाव्या कुशीवर पडून लक्ष द्या, आणि दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठा.

मेघनाच्या उरलेल्या दोन भेटी तयारीतच गेल्या. प्रसूतीच्या खोलीत सोबत कोण, रात्री गाडी कुणाची, ती नाही मिळाली तर 108. दवाखान्याच्या बॅगेत फाइल, सुती झबली, दुपटी. त्यातलं एक दुपटं तिने अण्णांच्या जुन्या धोतराचं शिवून घेतलं. ते मी सुचवलेलं नव्हतं.

बाळ तीन आठवड्यांचं झाल्यावर तिचा फोन आला. मागे टाहो चालू होता. "भुकेचं आहे," ती म्हणाली. उचक्या अजून लागतात. सहा महिने पाणीसुद्धा पाजायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून आजी मांडीवर घेऊन एकेकाची नावं घेत बसते. अण्णांचं नाव घेतलं की थांबते, असं आजीचं म्हणणं. मी विवेकनिष्ठ वगैरे असूनही यावर काही बोलले नाही.