मिमी लेडरचा 'ईआर': कुठून सुरुवात करावी

ताई, तुम्ही विचारलंत की 'ईआर' या इस्पितळातल्या इमर्जन्सी विभागावरच्या अमेरिकन मालिकेचे पंधराच्या पंधरा सीझन बघायला सवड नाही, तर मिमी लेडरने दिग्दर्शित केलेल्यांपैकी कोणते भाग चुकवू नयेत. मालिकेचे एकूण भाग ३३१, तेव्हा प्रश्न रास्त आहे. माझी नोकरी इंदुरात लेबर रूममध्ये गेली, त्यामुळे माझं उत्तर थोडं एका बाजूला झुकणार, हे आधीच सांगते.

सुरुवात 'ब्लिझर्ड'पासून करा. डिसेंबर १९९४चा भाग. बाहेर बर्फ, पेशंट नाहीत, स्टाफच्या टिवल्याबावल्या चाललेल्या. झोपलेल्या कार्टरच्या, म्हणजे तिथे शिकायला आलेल्या मेडिकल विद्यार्थ्याच्या पायाला प्लास्टर चढवून ठेवतात! नाइट ड्यूटी केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. मग हमरस्त्यावर गाड्या एकमेकींवर आदळतात आणि स्ट्रेचरची रांग लागते. लेडरची खासियत इथेच कळते. ती आधी आपल्याला निवांत बसू देते, आणि धावपळ सुरू झाली की स्टेडीकॅम (अंगावर बांधून, न हलता चालवायचा कॅमेरा) माणसांच्या मागे खोल्याखोल्यांतून पळत राहतो. काउंटरवर काम करणारी बॉब नावाची पोलिश बाई मूळची सर्जन निघते, तो प्रसंग थोडा फिल्मी आहे, पण मला आवडतो.

आता 'लव्ह्ज लेबर लॉस्ट'. ९ मार्च १९९५ला दाखवला गेला. लेडरला दिग्दर्शनाचं एमी (अमेरिकन टीव्हीचं मोठं पारितोषिक) याच भागासाठी मिळालं, आणि लेखनाचं लान्स जेंटिलला. तो स्वतः इमर्जन्सीचा डॉक्टर, म्हणून संवादात कुठे पोकळी नाही. दिवस भरत आलेली बाई वरचेवर लघवीला होतंय म्हणून येते. डॉ. ग्रीन मूत्राशयाचा संसर्ग ठरवून तिला घरी पाठवतो. थोड्याच वेळात ती झटके येत असताना परत येते. एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून येणारे झटके. पुढे बाळाचा खांदा अडकतो, प्रसूतितज्ज्ञ वेळेवर पोचत नाही, आणि ग्रीनला तिथेच सिझेरियन करावं लागतं. बाळ वाचतं, आई जाते.

आमच्या कामात बीपी, सूज आणि लघवीतलं प्रोटीन ही या आजाराच्या खुणांची तीन नावं जपमाळेसारखी तोंडी असतात, म्हणून पहिल्या दहा मिनिटांतच माझा जीव वर-खाली व्हायला लागला. पण लेडर ग्रीनला खलनायक करत नाही. त्याचा प्रत्येक निर्णय त्या क्षणी पटतो, आणि एकेक पटणारा निर्णय त्याला आणखी आत ओढत नेतो. पार्श्वसंगीताने रडवायचा मोह तिने टाळलाय. नवऱ्याला बातमी सांगतानाचे शब्द आपल्याला ऐकूच येत नाहीत, काचेपलीकडून फक्त दिसतं. ग्रीनच्या भूमिकेत अँथनी एडवर्ड्सने कमाल केली आहे.

'द हीलर्स' (१९९६) तिसरा. जळत्या इमारतीत मुलांना वाचवायला शिरलेले दोन पॅरामेडिक (अँब्युलन्सवरचे उपचार करणारे कर्मचारी), शेप आणि राऊल. चांगलाच आहे, पण भाजलेल्या पेशंटची दृश्यं सोसवत नसतील तर सोडून द्या.

एक मात्र ऐका. सून सातव्या महिन्यात आहे म्हणालात, तर 'लव्ह्ज लेबर लॉस्ट' तिच्यासोबत लावू नका. 'ब्लिझर्ड' खुशाल बघा दोघी.